नऊशे मिनिटांचा करार

सोहेल नदाफच्या डाव्या गुडघ्यात अकरा सामने उरले आहेत, हे सगळ्यांत आधी कळलं ते वृषाली इंगवले यांना.

२०४१ सालचा मे महिना होता. हंगाम संपून पंधरा दिवस झाले होते. दहा क्लबांच्या राज्य लीगमध्ये कोल्हापूरचा पंचगंगा फुटबॉल क्लब आठवा आला होता, आणि ज्या गावात पोरं चालायला लागण्याआधी चेंडूला लाथ मारतात त्या गावाला हे फार लागलं होतं. वृषालीबाई क्लबच्या संघबांधणी प्रमुख. अठरा वर्षं शाळेत गणित शिकवलं, संध्याकाळी त्याच शाळेच्या पोरांना मैदानावर पळवलं, आणि गेली सहा वर्षं त्या हे काम करत होत्या: कोणाला ठेवायचं, कोणाचा करार वाढवायचा, ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीनं करायच्या निवडीत, कोणता नवा खेळाडू घ्यायचा. संघात जागा बावीस. वीस जणांचं ठरलं होतं. उरलेल्या दोन जागांपैकी एक कप्तान सोहेलची, असं त्यांनी गृहीतच धरलं होतं.

“पुन्हा मोजलंत?” त्यांनी विचारलं.

“तीनदा,” गुडघ्यांची मोजणी करणाऱ्या डॉ. मैथिली गोगटे म्हणाल्या. “तिन्ही वेळा अकराच.”

लोखंडाची तार पुन्हा पुन्हा वाकवली की एके दिवशी तुटते. आपल्याला वाटतं, ती अचानक तुटली. खरं तर प्रत्येक वाकवण्याबरोबर आतली एक चीर वाढत असते, फक्त ती डोळ्यांना दिसत नाही. गुडघ्याची हाडं एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांचंही तसंच. दर वळणाला, दर उडीला त्यातले काही बारीक तंतू तुटतात. काही शरीर सांधतं, काही तसेच राहतात. मैथिलीबाईंच्या यंत्राचा पट्टा गुडघ्याभोवती बांधून खेळाडूला चालायला, बसायला, वळायला लावायचं. पट्ट्यातून ध्वनिलहरी आत जायच्या. परत येताना त्या सांगायच्या, किती तंतू सलग आहेत आणि किती तुटलेत. मग यंत्र चाळीस हजार खेळाडूंच्या नोंदींशी ताडून एक आकडा द्यायचं: अजून किती पूर्ण सामने खेळल्यावर अस्थिबंध तुटण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाईल. शंभरात ऐंशी वेळा ते बरोबर निघायचं. खेळाडू त्याला ‘ज्योतिषी’ म्हणत.

ज्योतिषी आल्यापासून सहा वर्षांत खेळ बदलला होता. क्लब आधी आकडा विचारत, मग नाव. वीसच्या आत आकडा असलेल्याला कोणी उभं करत नसे. पेठेत एका लग्नाच्या बैठकीत मुलीच्या मामानं नवऱ्या मुलाचा आकडा विचारला होता, असं लोक हसत हसत सांगत. तो मुलगा बँकेत होता.

“नियम माहीत आहे ना?” मैथिलीबाई म्हणाल्या. “सात दिवसांच्या आत खेळाडूला सांगायचं.”

“सांगते,” वृषालीबाई म्हणाल्या.

बाहेर सोहेल बुटांच्या नाड्या सोडत बसला होता. वय तेहेतीस, खांदे दाराएवढे. सहावीत असताना बाईंनीच त्याला गोलसमोरच्या बचावात उभं केलं होतं, तेव्हापासून तो तिथून हललाच नव्हता.

“काय म्हणतोय ज्योतिषी?”

“अहवाल यायचाय अजून,” बाई म्हणाल्या आणि चालत्या झाल्या. बावीस वर्षांच्या ओळखीत त्या त्याच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलल्या.

*

चौथ्या दिवशी सकाळी आठ वाजता सोहेल आणि त्याची बायको हिना बाईंच्या दारात उभे होते. हिना एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती; कामावर जायच्या तयारीनंच आली होती.

“बाई, जर्सीच्या मापाला सगळ्यांना बोलावलं,” सोहेल उभ्यानंच म्हणाला. “मला न्हाई. शिंप्यालासुद्धा ठाऊक हाय, फक्त मलाच न्हाई.”

बाईंनी दोघांना बसवलं. चहा टाकायला आत जाण्याचं निमित्त सोपं होतं, पण त्या गेल्या नाहीत.

“अकरा,” त्या म्हणाल्या. “डावा गुडघा. मी चार दिवस सांगितलं नाही. चुकलं माझं.”

सोहेलनं स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं, जणू त्यानंच ही बातमी बाहेर फोडली होती.

“मला अकराचं एवढं न्हाई वाटत,” तो म्हणाला. “तुम्ही सांगायला पाहिजे हुतं. वर्गात नापास झालो तर तुम्ही तोंडावर सांगायचा की.”

“सांगायचे. कारण तेव्हा पुढच्या परीक्षेला बसवता यायचं. या वेळी काय करायचं ते मलाच कळेना, म्हणून तोंड चुकवलं.”

खुर्चीच्या टोकावर बसलेला सोहेल जरा मागे सरकला. बाईंना तेवढं पुरलं.

हिना मघापासून काहीतरी मोजत होती. “बाई, अकरा सामने म्हणजे मिनिटं किती?”

“नव्वद गुणिले अकरा. नऊशे नव्वद.”

“आणि लीगचे सामने किती?”

“अठरा.”

“मग एकदम कशाला संपवायचे?” हिना म्हणाली. “आमच्याकडं लोक येतात, औषधाची बाटली घेऊन जातात. रोज दोन चमचे असतं. कोण दुकानातच तोंडाला लावत न्हाई.”

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. सहा वर्षं त्या हे आकडे वाचत होत्या, त्याआधी अठरा वर्षं भागाकार शिकवत होत्या, आणि पडद्यावर ‘सामने’ लिहिलेलं असायचं म्हणून त्यांनी कधी सामन्यांची मिनिटं केली नव्हती.

“नऊशे नव्वद भागिले अठरा,” त्या उठून उभ्या राहिल्या. “पंचावन्न! सोहेल, दर सामन्यात पंचावन्न मिनिटं!”

“पंचावन्न न्हाई, पन्नास,” हिना म्हणाली. “क्लबला नऊशे. उरलेली नव्वद माझी. मला साठाव्या वर्षी जिना चढणारा नवरा पाहिजे. करारात लिहा तसं.”

“आणि आधीची चाळीस मिनिटं कप्तानानं बाकड्यावर बसायचं?” सोहेल भडकला. “लोक काय म्हणतील?”

“मी दुकानात आठ तास उभी असते,” हिना म्हणाली. “तू चाळीस मिनिटं बस.”

बाईंना हसू आवरेना. मग सोहेललाही आवरेना.

*

मैथिलीबाईंनी ही कल्पना दोनदा ऐकून घेतली आणि फळ्यावर एक रेघ काढली. ती साठपर्यंत जवळजवळ आडवी गेली आणि मग जिन्यासारखी वर चढली.

“गुडघा एकटा भार घेत नाही,” त्या म्हणाल्या. “मांडीचे स्नायू बराचसा धक्का झेलतात. साठाव्या मिनिटानंतर ते थकतात आणि सगळा भार अस्थिबंधावर येतो. तंतू तुटतात ते मुख्यतः शेवटच्या अर्ध्या तासात. म्हणजे पन्नास मिनिटंच खेळला, तर झीज हिशेबापेक्षाही कमी व्हायला हवी.”

“हवी? यंत्र काय म्हणतं?”

मैथिलीबाईंनी खडू खाली ठेवला. “यंत्राला माहीत नाही. त्याच्याकडे चाळीस हजार खेळाडू आहेत, पण जवळजवळ सगळे पूर्ण सामना खेळलेले. कमी आकड्याचा खेळाडू जपून खेळवला तर काय होतं, याची नोंदच नाही. कारण ज्याचा आकडा कमी, त्याला कोणी खेळवतच नाही.” त्या फळ्याकडे वळल्या. “हे मला आधी सुचायला हवं होतं.”

शेवटची पन्नास मिनिटं सोहेलची ठरली; आता प्रश्न उरला पहिल्या चाळीस मिनिटांचा. सोहेलच्या जागेवर तेवढाच वेळ खेळून निमूट बाहेर येणारा कोणीतरी हवा होता. क्लबचे अध्यक्ष यशोधन खर्डेकर यांनी ड्राफ्टसाठी पुण्याचा बचावपटू विहान सरपोतदार आधीच हेरून ठेवला होता. वय वीस, उंची सहा फूट दोन, आकडा सहाशे बारा. पण विहानच्या प्रतिनिधीची अट होती: प्रत्येक सामन्यात पूर्ण नव्वद मिनिटं. आणि ड्राफ्टमध्ये प्रत्येक क्लबला एकच निवड. विहान आला की सोहेलला मैदानावर जागाच नाही, हे सरळ होतं.

बाई गडहिंग्लजला गेल्या. तिथं मे महिन्यात स्पर्धा असते आणि सगळा गाव मैदानाभोवती असतो. त्यांनी ड्राफ्टच्या यादीत तळाशी एक नाव पाहिलं होतं: प्रज्योत कुराडे, बचावपटू, वय एकोणीस, आकडाही एकोणीस.

पहिली दहा मिनिटं त्यांना तो दिसलाच नाही. मग लक्षात आलं, की तो धावतच नाही. चेंडू जिथं येणार तिथं आधीच उभा असतो. समोरचा आघाडीवीर दोनदा त्याला हुलकावणी द्यायला गेला आणि दोनदा चेंडू त्याच्याच पायात ठेवून पुढे निघून गेला. कडेला बसलेली माणसं हसून लोळली.

सामना संपल्यावर बाईंनी त्याला गाठलं.

“बाई, माझा आकडा बघितलाय न्हवं?” त्यानं आधीच विचारून टाकलं. ही वेळ त्याच्यावर बरेचदा आली असावी. “पंधराव्या वर्षी दुखापत झालेली. एकोणीस हाय.”

“बघितला. चांगला आकडा आहे. मूळ संख्या.”

त्याला हसावं की नाही कळेना.

“चाळीस मिनिटं खेळशील का? दर सामन्यात, फक्त चाळीस. मग बाहेर.”

“बाई,” तो म्हणाला, “मी दोन वर्षं घरात म्हणतोय, दहा मिनिटं तरी कोण खेळवंल का.”

*

खर्डेकरांचा शिरोलीला ओतकामाचा कारखाना होता. भट्ट्यांच्या आवाजात त्यांनी बाईंचं सगळं म्हणणं ऐकलं आणि मान हलवली.

“इंगवलेबाई, एका जागेवर दोन अर्धी माणसं? गाव मला हसंल. गेल्या साली आठवे आलो, औंदा दहावे येऊ. ते पुण्याचं पोरगं घ्या, सहाशे बारा हाय. दहा वर्षं काळजी न्हाई.”

“त्याचा खेळ बघितलाय तुम्ही?”

“आकडा बघितलाय.”

“मी दोन्ही बघितलं. तो चांगला आहे, दादा. पण प्रज्योत त्याच्यापेक्षा चांगला आहे, आणि सोहेल दोघांपेक्षा.”

“आणि दोघं मोडली म्हंजे?”

बाई म्हणाल्या, “मोडू नयेत म्हणूनच हा करार. तरी मोडले तर मी राजीनामा देईन. पण तो काही इलाज नव्हे, हे मलाही कळतं.”

खर्डेकर काचेबाहेर बघत राहिले. खाली कोपऱ्यात एक जुनं, हिरव्या रंगाचं दाबयंत्राचं धूड चालू होतं. एक कामगार त्याच्या चाकाला तेल घालत होता.

“ते यंत्र तुम्ही किती तास चालवता?” बाईंनी सहज विचारलं.

“ते? वडिलांनी घेतलेलं. एकाच पाळीत चालवतो, तेबी अर्धी. कारागीर म्हणाला हुता, दोन पाळ्या लावल्या तर सा महिन्यांत भंगारात जाईल. त्याला बी वीस वर्षं झाली आता—”

ते मध्येच थांबले. यंत्राकडे बघितलं, मग बाईंकडे.

“तुम्ही मला शाळेत घातलासा की वो,” ते म्हणाले, आणि इतक्या मोठ्यानं हसले की बाहेरचा कारकून आत डोकावला.

करार त्याच आठवड्यात झाला. ‘खेळाडू हंगामात जास्तीत जास्त नऊशे मिनिटं खेळेल, त्यापुढील गुडघ्यावर क्लबचा हक्क नाही.’ दुसरं वाक्य हिनानं सांगितलं तसंच्या तसं लिहिलं होतं. साक्षीदार म्हणून सहीही तिनंच केली.

*

ड्राफ्ट पुण्यातल्या एका सभागृहात होता. शेवटून पहिला आलेला क्लब आधी निवडतो, त्यामुळे कोल्हापूरची पाळी तिसरी. पहिल्या दोघांनी आघाडीवीर घेतले. विहान सरपोतदार अजून मोकळा होता. त्याचे आईवडील पहिल्या रांगेत फुलांचा गुच्छ घेऊन बसले होते आणि सगळ्यांच्या नजरा कोल्हापूरच्या टेबलाकडे लागल्या होत्या.

बाई उठल्या. खर्डेकर शेजारी बसून रुमालानं मान पुसत होते. शेवटच्या क्षणी ते पुटपुटले, “बाई, अजून वेळ हाय.”

“पंचगंगा फुटबॉल क्लब,” बाई म्हणाल्या, “प्रज्योत कुराडे, गडहिंग्लज.”

पडद्यावर नाव आलं आणि शेजारी आकडा आला: १९. मागून कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. निवेदकानं नाव नीट ऐकलं का म्हणून पुन्हा विचारलं. बाईंनी पुन्हा सांगितलं, या वेळी वर्गात सांगत तसं, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं. प्रज्योत सभागृहात नव्हताच. कोणी घेणार नाही म्हणून तो आला नव्हता. तिकडे गडहिंग्लजच्या चौकात, असं नंतर कळलं, त्याच्या आईनं अनोळखी रिक्षावाल्यालासुद्धा पेढा भरवला.

चौथ्या क्लबनं विहानला घेतलं. गुच्छ तिकडे गेला.

*

हंगाम सुरू झाला तेव्हा पहिले दोन सामने पंचगंगा हरली. चाळिसाव्या मिनिटाला प्रज्योत बाहेर यायचा, सोहेल आत जायचा, आणि प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडायचं, “पाळी बदलली रे!” वर्तमानपत्रांनी त्यांना ‘दीड गुडघ्याचा बचाव’ असं नाव दिलं. बाईंना दोन आठवडे जेवण गेलं नाही.

तिसऱ्या सामन्यापासून काहीतरी बदललं. बाकड्यावर चाळीस मिनिटं बसायला लागल्यामुळे सोहेलला आयुष्यात पहिल्यांदा सामना बाहेरून दिसत होता. कोणता आघाडीवीर कोणत्या पायावर वळतो, कोण दमल्यावर पाठीमागं बघत नाही, हे सगळं तो टिपून ठेवायचा आणि आत गेल्यावर त्यांची वाट बघत उभा राहायचा. प्रज्योतला वेळ राखून खेळायची गरज नव्हती. चाळीस मिनिटांत तो सगळं ओतायचा. विरोधकांना अर्धा सामना एका माणसाची सवय व्हायची, आणि सवय झाली की समोर दुसराच माणूस असायचा. मध्यंतराला दोघं कोपऱ्यात बसून कुजबुजायचे, सोहेल हातानं हवेत रेघा ओढायचा, आणि हिना वरच्या रांगेत घड्याळ लावून बसलेली असायची. वाढीव वेळ मिळाला, की ती तोसुद्धा वहीत मांडायची आणि पुढच्या सामन्यातून वजा करायला लावायची.

पंचगंगा दुसरी आली. शेवटचा सामना बरोबरीत सुटला नसता तर पहिली आली असती, पण त्या संध्याकाळी ते कोणाला आठवतही नव्हतं. मैदानाबाहेर हलगी कडाडत होती आणि खर्डेकर कारखान्यातल्या कामगारांच्या खांद्यावर होते.

*

मे महिन्यात पुन्हा मोजणी झाली. आधी सोहेल आला. हिशेबानं एक सामना उरायला हवा होता. यंत्रानं तीन दाखवले.

“दोन जास्तीचे कोणाचे?” त्यानं विचारलं.

“माझे,” हिना म्हणाली. विषय तिथंच संपला. सोहेलनं खेळ थांबवला आणि बचाव शिकवायचं काम घेतलं. बाकड्यावरून जास्त दिसतं, हे आता तो सगळ्यांना सांगत सुटला होता.

मग प्रज्योतचा गुडघा. चाळीस गुणिले अठरा म्हणजे सातशे वीस मिनिटं, म्हणजे आठ सामने. एकोणिसातून आठ गेले की अकरा. बाईंनी हे कागदावर आधीच लिहून ठेवलं होतं.

मैथिलीबाईंनी पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला. मग पडदा वळवला.

एकतीस.

“वाढले?” बाई म्हणाल्या. “खेळून वाढले?”

“वय वीस. या वयात तंतू पुन्हा सांधले जातात, फक्त त्यांना उसंत मिळायला हवी. बेताचा भार आणि मग विश्रांती, असं घडलं की नवे तंतू ओढीच्या दिशेनं नीट रांगेत बसतात.” मैथिलीबाईंनी पट्टा अजून हातातच धरला होता. “वृषालीताई, गेली सहा वर्षं आपण यांना संपलेले समजून घरी पाठवत होतो.”

प्रज्योत टेबलावर पाय सोडून बसला होता. तो एकदा या बाईकडे, एकदा त्या बाईकडे बघत होता. “म्हंजे औंदा पंचेचाळीस मिनिटं खेळू का?” त्यानं विचारलं.

मैथिलीबाईंनी तो निष्कर्ष महिनाभरात जाहीर केला. आणि त्यामुळे ड्राफ्टच्या दिवशी जे झालं ते झालं.

या वेळी पंचगंगा दुसरी आलेली, म्हणून तिची पाळी नववी. बाईंनी सात नावं लिहून नेली होती. सगळे गुणी, सगळे वीसच्या आतले, सगळे गेल्या साली कोणी बघितलेही नसते असे. पहिल्या क्लबनं नाव पुकारलं. चौदा आकड्याचा, बाईंच्या यादीतला पहिला. दुसऱ्यानं सोळाचा घेतला. सभागृहात कोणी हसलं नाही. तिसऱ्या क्लबच्या टेबलावर दोन माणसं भागाकार करत होती. चौथा, पाचवा, सहावा... दर नावाला कुठल्यातरी रांगेत एखादी आई तोंडाला पदर लावून रडायला लागायची, एखादा बाप उठून उभा राहायचा. आठव्या पाळीपर्यंत बाईंची सातही नावं खोडून झाली होती.

“झालं!” खर्डेकर कपाळाला हात लावून म्हणाले. “बाई, तुमची युक्ती सगळ्यांनी नेली की. आता आपल्याला काय उरलं?”

बाई डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. इतका सुंदर पराभव त्यांनी मैदानावर कधी पाहिला नव्हता.

नववी पाळी पुकारली गेली. बाईंनी मान वर करून सभागृहभर नजर फिरवली. डावीकडे, भिंतीला टेकून एक उंच मुलगा एकटाच उभा होता. संगमनेरचा ईशान वाघचौरे, आघाडीवीर. त्याचा खेळ त्यांनी दोनदा पाहिला होता आणि ‘आपल्यापर्यंत येणारच नाही’ म्हणून यादीत घेतला नव्हता. आकडा पाचशे अठ्ठ्याऐंशी. सकाळपासून कोणी त्याला विचारलंही नव्हतं.

बाईंनी त्याचं नाव पुकारलं. तो धडपडत टेबलापाशी आला, हात पुसून नमस्कार केला आणि ओशाळून म्हणाला, “बाई, माझ्या गुडघ्यात काहीच दोष नाही. चालेल का?”

“चालवून घेऊ,” वृषालीबाई म्हणाल्या.